पांगाऱ्याच्या खडावा

श्रीमंगलमूर्तीस वंदन असो. आज वडिलांचे श्राद्ध झाले. तिळोदक सोडताना, वाचकहो, मला त्यांच्याआधी दुसराच एक माणूस आठवला.

"पानी सोडंना, गुरुजी!" हे त्याचे पालुपद. मोशीच्या शेतकरी घरातला तो गडी पिंपरीच्या नव्या कारखान्यात फिटर होता आणि चिंचवडला आमच्या शेजारी खोली घेऊन राहत असे. स्वातंत्र्याला तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. मायदेशी परतणाऱ्या एका विलायती साहेबाने त्याला इंजिनावर उडणारे हातभर खेळण्यातले विमान दिले होते; खाली उभे राहून हातातल्या पेटीचे बटण दाबले की ते आकाशात बिनतारी वळे. त्याची चाके काढून ते नदीवरून उडवायचे, हा एकच ध्यास त्याने घेतला.

संध्याकाळी मंगलमूर्तीच्या देवळाशेजारच्या पवनेच्या घाटावर मी वडिलांना स्तोत्र म्हणून दाखवी. ते डोळे मिटून ऐकत आणि शेवटी म्हणत, "विसर्ग गिळलास." चाळिशी आली, तरी त्यांच्या मुखातून एकदा "वा" ऐकावे, एवढीच माझी इच्छा उरली होती.

खालच्या पायरीवर हा गडी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाच्या दोन चिमुकल्या होड्या विमानाच्या पोटाखाली बसवी.

"खडावा हायत, अप्पा," तो वडिलांना सांगे. "देवाच्या दारात चपला कशा चालतील?"

वडील खळखळून हसत. माझ्यासमोर ते क्वचितच हसत.

विमान मात्र फेस काढीत धावे आणि उठत नसे. "पानी सोडंना!" मग तो होड्या उतरवी, तळ तासी, रोगण देई, बोटभर पुढे सरकवून पुन्हा बसवी. मला, खरे सांगतो, बरे वाटे.

अखेर त्याने दोन्ही होड्यांच्या तळाला मध्यावर एक आडवी पायरी कोरली. "घाटावानी," म्हणाला. "पान्यानं हितंच मागं ऱ्हावं."

त्या संध्याकाळी माझे स्तोत्र ऐन रंगात होते. विमान धावले, त्या पायरीशी पाणी तुटले, आणि ते अलगद वर गेले.

वडिलांनी डोळे उघडले. "वा! वा रे गड्या!"

"अप्पा, फलश्रुती राहिली आहे," मी म्हणालो.

"थांब रे. ते उतरू दे."

पुढे त्याला दूर नोकरी लागली. विमान घेऊन तो गेला. वडील मात्र घाटावर आले की डोळे मिटीनासे झाले. नदीकडे पाहत बसत. माझे स्तोत्र संपले की विचारत, "त्या गड्याचे काही कळले?" विसर्गाबद्दल तर त्यांनी पुन्हा कधी टोकलेसुद्धा नाही.

आज ओंजळीतले पाणी सुटले. त्या एका "वा"वर मात्र मला अजूनही पाणी सोडता येत नाही.

मंगलमूर्ती आपले घरदार सुखी ठेवो. आणि आपल्या मुलांना त्यांच्या वाट्याचा "वा" आपल्याच मुखातून, वेळेवर ऐकू येवो.