दाराशेजारची हळदीकुंकवाची बोटं

एडिनबराजवळच्या आमच्या लाकडी घराला स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, लावायला आज डबा उघडला, आणि त्या उग्र वासाने मला वीसेक वर्षं मागे नेलं.

बाबांना इथल्या हॉस्पिटलमध्ये नोकरी मिळाली म्हणून आम्ही लंडनमधलं हॅरो सोडलं होतं. आईला हे ओंडक्यांचं घर मुळीच आवडलं नव्हतं. वेम्बलीच्या मैत्रिणी, भाजी, देऊळ, सगळं सुटलं म्हणून ती वर्षभर धुमसत होती. त्या उन्हाळ्यात बाबांनी भिंती धुतल्या, घासल्या. लाकूड कोरं, पिवळसर झालं. सकाळी आम्ही स्टेन लावायला बाहेर येऊन बघतो, तर दाराशेजारी हळदीकुंकवाची बोटं! आईने हळदकुंकू तेलात कालवून ती उठवली होती.

बाबा भडकले. "अगं, तेलावर स्टेन धरत नाही! सगळा वीकेंड वाया!"

"घर नव्यासारखं दिसत होतं हो," आई हळूच म्हणाली. "म्हटलं, आज तरी गृहप्रवेश करावा."

बाबांनी ते ऐकलंच नाही. सँडपेपर घेऊन ते खसाखसा घासत राहिले. पिवळी बोटं ड्रेसला पुसत आई आत गेली. त्यानंतर शेवटपर्यंत ती या घराला "तुझ्या बाबांचं घर" म्हणायची.

मला तेव्हा ते स्टेनवरून झालेलं भांडण वाटलं होतं.

बाबांनी घासलेली ती जागा अजून खोलगट, खरबरीत आहे. तिथलं लाकूड स्टेन जास्त पितं. कितीही जपून ब्रश फिरवला तरी सबंध भिंतीवर तीच जागा सगळ्यात काळी दिसते.