पाण्याच्या रांगेतले टोमॅटो

रागिणीवहिनींच्या घरातून कुणी उपाशी गेल्याची नोंद नाही. त्यांचा नवरा अंबरीश, माझा हवाई दलातला सहकारी, बदली होऊन चंदीगडला आला आणि महिनाभरात गेटवरचा पहारेकरी थालीपीठ मागून खाऊ लागला. शेजारच्या सरदारजींच्या कुत्र्याला साबुदाण्याची खिचडी आवडते, हे सरदारजींना वहिनींकडूनच कळलं.

अशा बाईच्या अंगणात हिमानीने प्रयोग मांडला.

हिमानी सांगलीकडची. इथे सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करते आणि रविवारी वरणभाताला वहिनींकडे येते. मुळांजवळच्या मातीत काही उपकारी जिवाणू असतात. ते जी द्रव्यं सोडतात ती गाळून झाडाला दिली, तर झाड जोमानं वाढतं आणि रोग यायच्या आधीच सावध होतं, असं तिचं म्हणणं. अंबरीशने ते आपल्या भाषेत घेतलं: म्हणजे विमान दिसायच्या आधी रडार चालू.

टोमॅटोच्या कुंड्यांच्या दोन रांगा लागल्या. लाल खुणेच्या रांगेला बाटलीतलं द्रव्य, पांढऱ्या खुणेच्या रांगेला नुसतं पाणी. हिमानी बाटली वहिनींच्या हवाली करून गेली. टोमॅटोवर पानं जाळणारा करपा वसाहतीत दरवर्षी न बोलावता येतो, तेव्हा फरक आपोआप दिसणार होता.

करपा आला. आजूबाजूच्या बागा तपकिरी झाल्या. वहिनींच्या दोन्ही रांगा मात्र तेल लावल्यासारख्या चकाकत होत्या. त्या रविवारी मी तिथेच होतो. हिमानी एकेक पान उलटून पाहत होती आणि तिचा चेहरा उतरत होता. पाण्यावरची झाडंही धडधाकट, म्हणजे द्रव्याचा उपयोग शून्य. उद्याच गाइडना सांगून विषय बदलते, इतक्या वर्षांचं काम गेलं ते गेलं, असं म्हणून जेवताना तिने अर्धं ताट बाजूला सारलं. त्या घरात ताट सारलेलं मी प्रथमच पाहिलं.

"अगं, झाडं इतकी गोड आलीत आणि तू रडतेस काय?"

"काकू, पाण्यावर पण तशीच आलीत ना."

"पाण्यावर कशी येतील? मी त्यांनाही देत होते की. एकीने जेवायचं आणि दुसरीने बघत बसायचं, माझ्या अंगणात?"

वहिनींची दहावीतली मुलगी नयना मान वर न करता म्हणाली, "गया. मम्मी ने पूरा एक्सपेरिमेंट खिला दिया."

हिमानी मात्र उठली आणि वरणाच्या हातानेच वहिनींच्या गळ्यात पडली. सगळीकडे करपा, आणि द्रव्य मिळालेल्या दोन्ही रांगा शाबूत! अंबरीशने विचारलं, झालं ना मग सिद्ध? नाही, ती म्हणाली, बाकीच्यांची माती वेगळी, पाणी वेगळं. फेब्रुवारीत पुन्हा लावायचे, आणि या वेळी पांढऱ्या रांगेला पाणी म्हणजे पाणीच. वहिनींनी शब्द द्यायला लग्नाच्या होकारापेक्षा जास्त वेळ घेतला, असं अंबरीश सांगतो.

दुसरी खेप भयंकर होती. एप्रिलमध्ये करपा पांढऱ्या रांगेवर खालून चढू लागला. वहिनी रोज तिच्यापाशी बसून समजूत घालत, हिमानीच्या डिग्रीचा प्रश्न आहे, जरा सोसा. एकदा त्या बाटलीकडे वळल्या. अंबरीश नुसतं "रागिणी" म्हणाला आणि त्या मागे फिरल्या.

शेवटी हिमानी मोजायला आली. पांढरी रांग निम्मी करपलेली. लाल रांगेत तुरळक ठिपके, झाडं पांढऱ्यांपेक्षा हातभर उंच आणि फळांनी वाकलेली. तिने तिथूनच गाइडना फोन लावला.

"आता देऊ का गं त्यांना?" वहिनींनी हळूच विचारलं.

आता उपयोग नाही, हिमानी म्हणाली. हे आधी सावध करतं, नंतर बरं करत नाही.

लाल रांगेचे टोमॅटो वजनासाठी प्रयोगशाळेत गेले. पांढऱ्या रांगेचं वजन करून झाल्यावर तिचे हिरवे, खुरटे टोमॅटो वहिनींनी मागून घेतले, आणि लसूण-दाणे घालून चटणी केली.

"आज मान यांचा," म्हणत त्यांनी पहिला चमचा हिमानीच्या ताटात वाढला. पोरीने गाइडशी पुन्हा फोनवर बोलता बोलता तिसरी भाकरी संपवली.