मध्येच थांबवलेला माहितीपट

माझे सासरे खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले. तिथे आयुष्यभर ज्या शांतपणे वावरले, त्याच शांतपणे ते घरी माणसांना घाबरवतात. निदान मला तरी. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी ‘जावईबापू’ अशी हाक मारली की मी आधी शर्टाची बटणं तपासतो.

नोकरीत असतानाच त्यांनी मित्रांना घेऊन माहितीपटांचा वार्षिक मेळा सुरू केला. सदाशिव पेठेतल्या एका शाळेचं सभागृह, तिकीट नाही, चहा ज्याचा त्याने आणायचा. मित्र एकेक करून गेले, मेळा राहिला. नियम एकच. सिनेमा सुरू झाला की मध्ये थांबवायचा नाही. एकदा एका गृहस्थांना चक्कर आली, तर त्यांना बाहेर नेऊन पाणी पाजलं. आत पडद्यावरच्या बायका विड्या वळतच होत्या. “त्यांनी आपलं आख्खं आयुष्य दाखवलं, तुम्हाला तासभर बसवत नाही?” हे सासऱ्यांचं त्यावरचं भाषण.

हृदयात स्टेंट बसवल्यापासून ते धायरीला आमच्याकडेच राहतात. मेळ्यासाठी आलेल्या सिनेमांतून निवड करायला ते संध्याकाळी एकेक पाहायचे आणि मला शेजारी बसवायचे.

“काय दिसलं, सांगा.”

“ग्रामीण जीवनाचं विदारक चित्र–”

“विदारक राहू द्या. बाईच्या हातात काय होतं?”

“कळशी.”

“भरलेली की रिकामी?”

मला घाम फुटायचा. स्वयंपाकघरातून बायको म्हणायची, “अरे, नापास झालास तरी जेवायला मिळेल, काळजी करू नकोस.” ऑफिसात मी इतकं लक्ष दिलं असतं तर आज साहेब झालो असतो.

यंदा मेळ्यात सासरे नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेत बसले, आणि मी मागे लॅपटॉपपाशी. सिनेमा एका नावाड्याचा होता, आयत्या वेळी आलेला, घरी पाहायचा राहून गेलेला. धरणाचं पाणी, होडी, आणि संवाद जवळजवळ नाहीतच. मध्ये कधीतरी माझी नजर पुढे गेली, तर सासऱ्यांची मान छातीवर पडलेली.

हा माणूस सिनेमात कधी झोपत नाही. मेळ्यात डुलक्या घेणाऱ्यांना छत्रीच्या टोकाने जागं करणारा माणूस. मी वाट पाहिली. मान हलेना. हात मांडीवरून घसरून खुर्चीबाहेर लोंबत होता. दाराशी उभ्या बायकोकडे पाहिलं. ती पडद्याकडे पाहत होती, तिला काहीच माहीत नव्हतं. हिला कसं सांगू? मग लाज वाटेल असा एक विचार आला, की सिनेमा थांबवला आणि ते नुसते झोपलेले निघाले तर? म्हणजे माणूस जिवंत असण्याचीही मला भीतीच वाटत होती.

मी सिनेमा थांबवला, ओरडून दिवे लावायला सांगितले आणि पुढे धावलो. एका बाईंच्या पर्सला अडखळलो. गुडघे टेकूनच सासऱ्यांपर्यंत पोचलो.

त्यांनी मान वर केली. “कोणी थांबवला?”

“मी. तुमची मान…”

“मान पडली म्हणजे माणूस गेला? मग आपला निम्मा प्रेक्षक दरवर्षी जातो.”

सभागृह हसलं. मीही हसलो. तेवढ्यात त्यांनी माझं मनगट चाचपत धरलं. आवाज खाली आणला.

“वल्ह्याचा आवाज ऐकत होतो. डोळे उघडे ठेवूनही तेवढंच कळतं आता. होडीत अजून कोणी आहे का हो?”

मला समजायला वेळ लागला. कळशी भरलेली की रिकामी, हे त्यांनी मला तपासायला विचारलंच नव्हतं. हा एक सिनेमा सोडला तर यंदाचा आख्खा मेळा त्यांनी माझ्या भरवशावर निवडला होता. माझ्या!

“हिला माहीत आहे?”

“घरी गेल्यावर मीच सांगेन. आधी सिनेमा सुरू करा. लोक ताटकळलेत.”

बायको घाबरून जवळ आली होती. “बाबा ठीक आहेत,” मी म्हणालो आणि तिला लॅपटॉपकडे पाठवलं. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसलो. दिवे गेले, होडी पुन्हा चालू लागली.

“एक म्हातारी आहे,” मी कुजबुजलो. “मांडीवर कोंबडी. कोंबडी बहुधा घाबरलेली–”

“कोंबडीचं तुम्हाला कसं कळलं?”

“मान आत ओढून बसलीय.”

“हं,” सासरे म्हणाले. “मग ते तेवढंच सांगायचं. पुढे?”