चुरोला पाणी मिळालं का

रोहेलियो बाराझानं उभी हयात लोकांच्या घरात गारवा पोहोचवण्यात घालवली. आमच्या अ‍ॅरिझोनात एसी बंद पडला की माणसं डॉक्टरच्या आधी दुरुस्तीवाल्याला फोन करतात, आणि आमच्या वस्तीतला तो फोन रोहेलियोकडे जायचा. छपरं अशी तापलेली असायची की हात टेकवत नसे. गुडघ्यांखाली जुन्या गालिच्याचा तुकडा घेऊन तो वर बसायचा, यंत्र सुरू झालं की खाली उतरायचा आणि घरातल्या माणसांच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. गार वाऱ्याची पहिली झुळूक लागल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, ते बघायचं त्याला वेडच होतं.

त्याची बायको इनेस शाळेच्या खाणावळीत स्वयंपाकीण होती. तोंडानं फटकळ, हातानं सढळ. मी त्यांच्या समोरच्या घरात राहते. माझा नवरा गेला तेव्हा महिनाभर माझ्या दारात तिच्या घरची बीन्स आणि गरम तोर्तियांची, मक्याच्या पोळ्यांची, पुरचुंडी येत राहिली. तेव्हापासून आमचं येणंजाणं वाढलं.

चुरो त्यांच्याकडे आला तो भंगारातून. जुन्या यंत्रांच्या ढिगाऱ्यात कामाचा एखादा सुटा भाग मिळतो का ते बघायला रोहेलियो गेला होता, तर एका गंजक्या पेटीच्या सावलीत हे पिल्लू धापा टाकत पडलेलं. लांबोडं, तपकिरी, अंगावर वाळू चिकटलेली. इनेस म्हणाली, हा तर साखरेत घोळवलेला चुरो, ती तळलेली लांबट गोड कांडी असते ना, तसा. नाव तेच पडलं. पुढे कित्येक वर्षं तो रोहेलियोच्या व्हॅनमध्ये शेजारच्या सीटवर बसून कामाला गेला. रोहेलियो छपरावर असला की चुरो शिडीच्या पायथ्याशी. लोक म्हणायचे, मालक कोण आणि मदतनीस कोण ते एकदा ठरवा.

मग रोहेलियोचं विसरणं सुरू झालं. एका घरी एसी दुरुस्त करून तो परत आला, जेवला, आणि पुन्हा त्याच घरी जाऊन छपरावर चढला. त्या घरच्या बाईनं इनेसला हळू आवाजात फोन केला. त्या संध्याकाळी इनेसनं व्हॅनची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. रोहेलियोनं ती दोन-चार दिवस शोधली, मग तेही विसरला.

राहिलं ते पार्कात जाणं. आमच्या गल्लीच्या टोकाला कुत्र्यांसाठी कुंपण घातलेलं एक छोटं मैदान आहे. मेस्कीटची चार झाडं, दोन बाकं आणि एक नळ. वर माणसांसाठी तोटी, खाली कुत्र्यांसाठी वाडगं. उन्हं वर येण्याआधी रोहेलियो आणि चुरो तिथे जायचे. माझी ग्रेहाउंड कुत्री पर्लही असायची. सुरुवातीला इनेस सोबत जायची, मग तिनं सोडून दिलं. म्हणायची, "माझा म्हातारा हरवेल, पण चुरो नाही हरवणार." आणि ते खरंही होतं. रोहेलियो वळणावर घुटमळला की कुत्रा पट्टा ओढून त्याला घराकडे आणायचा.

जूनमधली गोष्ट. इनेसच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तपासणीसाठी मी तिला गाडीतून घेऊन गेले होते. रोहेलियो सकाळचं फिरून, न्याहारी करून खुर्चीत झोपला होता. या वेळी तो दुपार टळेपर्यंत उठायचा नाही, हे रोजचंच होतं.

त्या दिवशी तो उठला. त्याला वाटलं सकाळ झाली. त्यानं बूट घातले, चुरोला पट्टा लावला आणि तो भर दुपारी बाहेर पडला.

पुढचं आम्हाला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. पार्कासमोर राहणाऱ्या बाईनं त्याला नळाशी पाहिलं होतं. नळाला पाणी नव्हतं. पाइपाचं काम निघालं होतं आणि तशी पाटी फाटकावर लावलेली होती, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्येही. पण रोहेलियोची अक्षरओळख तोवर गेली होती. तो पुन्हा पुन्हा नळाचं बटण दाबत राहिला, खाली वाकून वाडग्यात बघत राहिला. मग कुत्र्याला घेऊन निघाला. त्या बाईला वाटलं, घरी चालला. कुत्रा घराकडे ओढत होता, असं ती नंतर म्हणाली. रोहेलियोनं त्याला दुसरीकडे वळवलं.

त्याला दुसरं पार्क आठवलं होतं. कालव्याकाठचं जुनं पार्क, जिथे तो चुरोला पिल्लू असताना न्यायचा. तिथला नळ कधी आटला नाही, असं तो नेहमी सांगायचा. ते पार्क बंद होऊन वर्षं लोटली होती. आता तिथे सामान ठेवायच्या भाड्याच्या कोठारांच्या रांगा आहेत. माणसाच्या पायात बूट असतात. कुत्र्याच्या पायात काही नसतं, आणि त्या दिवसांत आमच्याकडचं डांबर म्हणजे तवा असतो.

पार्सलं पोहोचवणाऱ्या एका मुलीला तो दिसला. कोठाराच्या भिंतीला टेकून बसलेला, अंगात नुसता बनियन. शर्ट काढून, फाडून त्यानं चुरोच्या चारही पावलांना गुंडाळला होता आणि कुत्र्याला मांडीवर घेतलं होतं. शेवटचं बरंच अंतर तो त्याला उचलून चालला असणार. पट्टा त्यानं मनगटाला बांधला होता. मुलगी धावत पाण्याची बाटली घेऊन आली. त्यानं ती स्वतःच्या तोंडाला लावली नाही. चुरोच्या तोंडात ओतत राहिला. पाणी एका बाजूनं आत जात होतं आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर येत होतं.

"इथे नळ होता," तो तिला म्हणाला. "तू जरा बघ गं. इथेच नळ होता."

रोहेलियो वाचला. हॉस्पिटलात त्याला सलाइन लावलं, बर्फाच्या पिशव्या लावल्या. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न त्यानं विचारला, "म्हातारे, चुरोला पाणी मिळालं का?"

इनेसनं त्याला खरं सांगितलं. त्यांच्या घरात खोटं बोलायची रीत नव्हती. तो लहान मुलासारखा रडला, दमून झोपला, उठला आणि पुन्हा तेच विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं. त्याच्यासाठी ते पहिल्यांदाच होतं. तो पुन्हा तसाच रडला. तिसऱ्या वेळी मी खोलीत होते. इनेसनं त्याच्या अंगावरची चादर सारखी केली. एका डोळ्यावर अजून पट्टी होती तिच्या. मग ती म्हणाली, "नॅडीनबरोबर पार्कात गेला होता. आता तिच्या घरी झोपलाय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"नळाला पाणी होतं ना?" त्यानं मला विचारलं.

"होतं."

"हातावर घेऊन बघितलंस? पहिलं पाणी कढत येतं, पाइपातलं. ते वाहू द्यायचं. गार लागलं की मग पाजायचं."

मी म्हटलं, तसंच केलं. त्याचं समाधान झालं आणि त्यानं डोळे मिटले.

घरी आल्यावरही रोज तेच. चुरो कुठे आहे, कुठल्या पार्कात आहे, तिथे पाणी आहे का, हातावर घेऊन बघितलंस का. आणि एके दिवशी पहाटे मला इनेसची गाडी निघताना दिसली. परत आल्यावर मी विचारलं, तर म्हणाली पार्कात जाऊन आले, नळ बघून आले. आमच्या गल्लीतला अजून सुरू झाला नव्हता, म्हणून ती चर्चपलीकडच्या पार्कात गेली होती. मी तिला म्हटलं, अगं, तू नुसतं हो म्हण ना, त्याला काय कळणार आहे.

"कुत्रा जिवंत आहे, हे मी त्याला रोज खोटं सांगते," ती म्हणाली. "निदान पाणी तरी खरं असू दे."

तो सगळा उन्हाळा ती तशी जात राहिली. तेवढा वेळ मी रोहेलियोजवळ बसायची. शहरातलं एकेक पार्क ती फिरली. नळ उघडायचा, पाणी वाहू द्यायचं, हात खाली धरून उभं राहायचं. कुठे नळ आहे पण वाडगं तुंबलेलं, कुठे पाणी आहे पण नळावर दिवसभर ऊन, त्यामुळे ते गार होतच नाही. घरी येऊन ती रोहेलियोसमोर बसायची आणि सांगायची, आज अमुक ठिकाणी होता चुरो, पाणी आधी कढत होतं, मग गार आलं. तो नीट ऐकायचा. कधी म्हणायचा, त्या नळाचा वॉशर बदलायला हवा.

हळूहळू पार्कातली माणसं तिला ओळखू लागली. आपला नळ कोरडा निघाला की तिला विचारू लागली. माझ्या ओळखीचा एक तरुण आहे, त्यानं या वाळवंटात हस्की, बर्फाळ मुलखातला केसाळ कुत्रा, पाळलाय. तो तिला स्पॅनिश रीतीनं, मानानं हाक मारून विचारायचा, "दोन्या इनेस, आज कुठे जाऊ?"

"अलास्काला जा," ती म्हणायची. "त्या लोकरीच्या पोत्याला इथे भाजायला आणलंयस? ते जमत नसेल तर ग्रंथालयामागच्या पार्कात जा. तिथे सावलीत नळ आहे. आणि उन्हं वर यायच्या आत परत ये."

लोक हसायचे. तिच्या बोलण्याचं कुणाला वाईट वाटत नसे. पण एक गोष्ट मी पाहिली. ती कुठल्याही कुत्र्याला हात लावत नसे. एखादं जवळ येऊन तिच्या पायांना नाक लावायचं, तर ती हात वर धरून उभी राहायची, शिंपी मापं घेताना राहावं तशी. कुत्रं पाणी पिऊन होईपर्यंत थांबायची आणि निघायची. त्यांची मुलगी मारिसेला टेक्सासात असते. ती फोनवर म्हणायची, तसाच दिसणारा दुसरा आणा, पप्पांना कळणार नाही. इनेस विषय बदलायची.

जुलैच्या शेवटी एका संध्याकाळी दोघं अंगणात बसली होती. ढग आले होते, पण पाऊस पडत नव्हता. रोहेलियोनं शेंगा सोलता सोलता मधेच तिच्याकडे बघितलं. त्याचे डोळे पूर्वीसारखे स्वच्छ होते, असं तिनं मला सांगितलं.

"म्हातारे," तो म्हणाला, "चुरो गेला ना?"

ती खोटं बोलू शकली नाही. "हो," म्हणाली.

"मी नेला त्याला."

"तू त्याला पाणी शोधायला नेलंस."

"तो घरी चल म्हणत होता. मी ऐकलं नाही त्याचं."

तिनं त्याचा हात धरला आणि दोघं रडली, एकाच वेळी, एकाच गोष्टीसाठी. अंधार पडेपर्यंत तशीच बसली. नंतर ती मला म्हणाली की सगळ्या उन्हाळ्यात तेवढीच संध्याकाळ तिला सोबत होती. दुसऱ्या दिवशी उठून त्यानं विचारलं, चुरो कुठे आहे.

मग ऑगस्ट सरता सरता ती एकदा चर्चपलीकडच्या पार्कातून परत आली. मी त्यांच्या स्वयंपाकघरातच होते. तिनं पर्स ठेवली, त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "पाणी होतं. हातावर घेऊन बघितलं. गार होतं."

रोहेलियोनं तिच्याकडे पाहिलं. परक्या बाईकडे बघावं तसं, अगदी अदबीनं.

"छान झालं, बाई," तो म्हणाला. "कुणासाठी होतं ते?"

इनेस उठली. तिनं त्याची कॉफी गरम केली, त्यात साखर ढवळली, कप त्याच्या हातात नीट दिला. मी जायला निघाले तशी ती माझ्यामागोमाग बाहेर आली, रस्ता ओलांडून माझ्या घरात आली. दार लागल्यावर ती तिथेच खाली जमिनीवर बसली. पर्ल तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. इनेसनं तिच्या मानेला मिठी मारली, त्या कृश कुत्रीच्या अंगात तोंड खुपसलं आणि हंबरडा फोडला. ती एक संध्याकाळ सोडली तर घरी इतके दिवस तिला रडता येत नव्हतं. तो बघेल, विचारेल, म्हणून.

"रोज विचारायचा तेव्हा मी देवाला म्हणायची, आता पुरे," ती म्हणाली. "आता आपल्याकडे चुरो होता हेच त्याला माहीत नाही, नॅडीन. मी एकटीच राहिले आठवणारी."

त्यानंतर ती पार्कात गेली नाही. हस्कीवाल्या तरुणानं दोनदा माझ्याकडे चौकशी केली. मी त्याला सांगितलं, तिचा नवरा आजारी आहे. तेही खरंच होतं. रोहेलियोनं अंथरूण धरलं. इनेस त्याला भरवायची, पुसायची, दाढी करायची. तो प्रत्येक वेळी "आभारी आहे, बाई," म्हणायचा. जानेवारीत एका सकाळी तो उठलाच नाही.

दफनाच्या वेळी बरीच माणसं आली. त्यातली अर्धी त्यानं ज्यांची घरं गार केली ती होती. मारिसेला आठवडाभर राहिली आणि आईला घेऊन जायचं ठरवून गेली. इनेस नको म्हणेल असं मला वाटलं होतं. ती हो म्हणाली. मार्चमध्ये घर विकलं गेलं. जाताना तिनं मला तिची मोठी कढई दिली आणि म्हणाली, यात नीट शिजव, तुझ्या बीन्स नेहमी कच्च्या राहतात.

आता ती रविवारी फोन करते. आम्ही गुडघ्यांबद्दल बोलतो, तिच्या नातीच्या शाळेबद्दल बोलतो. टेक्सासातल्या मिरच्यांना तिखट कसं नाही, यावर ती बराच वेळ बोलू शकते. रोहेलियोचं नाव निघतं. चुरोचं ती काढत नाही, मीही काढत नाही. परवा बोलता बोलता तिच्याकडे मागे कुठेतरी एक कुत्रं भुंकलं आणि ती थांबली. मग ती म्हणाली, शेजाऱ्यांचं आहे, आणि फोन ठेवते म्हणाली. पण तिनं ठेवला नाही. मीही ठेवला नाही.