एकमतानं चालणारं मंडळ

मला खजिनदार केलं ते माझा हिशेब चांगला म्हणून नव्हे. मी विधवा, मूलबाळ नाही, मुलींच्या शाळेत मास्तरीण. अध्यक्ष म्हणाले, "बाईंच्या हातात किल्ली असली की लोकांना बोलायला जागा उरत नाही." म्हणजे सचोटी माझी आणि शोभा मंडळाची. हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी हो म्हटलं, कारण दवाखाना मुलांचा होता आणि देवळीत मुलांसाठी दुसरं काहीही नव्हतं.

दवाखाना म्हणजे बाजाराच्या कडेला भाड्यानं घेतलेली कवेलूच्या छपराची एक खोली. बाजाराच्या दिवशी वर्ध्याहून डॉक्टर मोटारीनं यायचे, बाकीचे दिवस एक नर्स सांभाळायची. पावसाळ्यात खोलीत औषधांच्या बाटल्यांपेक्षा गळतीखाली ठेवलेली भांडीच जास्त दिसायची. त्यामुळे मंडळाला स्वतःची पक्की खोली हवी होती आणि त्यासाठी इमारत निधी म्हणून एक रक्कम वर्षानुवर्षं साठत होती.

मंडळाची सभा अध्यक्षांच्या ओसरीवर भरायची. अध्यक्ष बेचाळीसला तुरुंगात जाऊन आलेले, अंगावर स्वतः कातलेल्या सुताचे कपडे. सभेत प्रत्येकानं टकळी आणायची आणि बोलता बोलता सूत काढायचं असा शिरस्ता होता. दुसरा शिरस्ता याहून मोठा होता. मंडळात मतदान नव्हतं. प्रत्येक ठराव एकमतानं व्हायचा. एकाचंही मन तयार नसेल, तर विषय पुढच्या सभेवर. "हात वर करून डोकी मोजणं हीसुद्धा हिंसाच," अध्यक्ष म्हणायचे. "ज्याचं मत हरतं, त्याचं मन दुखावतं."

पहिलं वर्षभर मला हे फार आवडलं. शाळाखात्यातल्या साहेबांच्या हुकमांची सवय झालेल्या माणसाला आपल्या एका 'नाही'नं सात जण थांबतात याचं अप्रूप वाटणारच. मग दवाखान्यात मुलांना वाटायचं दूध गाळायची चाळणी पितळेची घ्यावी की अॅल्युमिनियमची, यावर तीन सभा गेल्या आणि माझं अप्रूप ओसरलं. अॅल्युमिनियमला चिटणिसांचं मन तयार नव्हतं. चिटणीस गावातले वकील. त्यांचं मन फारसं कशालाच तयार नसायचं.

माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती. बाप जिनिंगमध्ये गाठी उचलायचा. पोर हाडकुळी, पण लंगडीत तिला कोणी हरवू शकत नसे. एका पायावर सगळं मैदान फिरून ती गडी बाद करून यायची. त्या पावसाळ्यात ती खेळताना दोनदा पडली. मग खेळायलाच येईना, भिंतीला टेकून उभी राहायची. मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाय वाकवून पाहिला, पोर किंचाळली. खुब्याचा क्षय होता.

डॉक्टर मनानं सरळ माणूस. बापाला समोर बसवून म्हणाले, "लवकर आणलीस. फळीवर निजवून ठेव, पाय हलू द्यायचा नाही. रोज सुई टोचायची, काही महिने. मध्ये खंड पडला नाही, तर ही चालेल, पळेल. खंड पडला तर मी काही सांगू शकत नाही."

ती सुई महागडी होती. बापाच्या मजुरीत बसणं शक्यच नव्हतं. पण मंडळाजवळ एक ठेव होती. कापसाच्या एका व्यापाऱ्यानं मरताना हरिजन बालकांच्या औषधोपचारासाठी लिहून ठेवलेली. तिच्यातून सुया आल्या. नर्स रोज संध्याकाळी त्यांच्या वस्तीत जाऊन टोचून यायची. महिनाभरात ताप उतरला, पोरीला भूक लागायला लागली. मी तिच्यासाठी पाटी-पेन्सिल घेऊन जायची, ती पडल्या पडल्या पाढे म्हणून दाखवायची. "बाई, लंगडीत आता कोन जिंकते?" हा प्रश्न मात्र रोजचा.

त्या वर्षीच्या दसऱ्याला वस्तीतली सगळी माणसं नागपूरला गेली. काही रेल्वेनं, काही चालत. दीक्षा घेऊन परत आली तेव्हा पांढरे कपडे होते आणि मान ताठ होती. गावात मात्र कुजबूज सुरू झाली. आपला गडी आता जोहार घालत नाही, याचं दुःख भल्याभल्यांना झालं.

दिवाळीपूर्वी नव्या सुया मागवायच्या होत्या. दवाखान्यात ठेवीच्या अर्जावर नाव लिहिताना चिटणिसांनी पोरीच्या बापाला विचारलं, "हरिजनच लिहू ना?"

तो म्हणाला, "नाई. बौद्ध लिहा."

सुया मागवल्या गेल्या नाहीत. विषय सभेत आला.

अध्यक्ष खरोखरच दुखावलेले होते, ते मी नाकारत नाही. आयुष्यभर ज्यांच्यासाठी आपण झिजलो, त्यांनी आपल्याला न विचारता आपला हात सोडला, असं त्यांना वाटत होतं. विचारायला हवं होतं, असं त्यांना का वाटावं, हे मात्र त्यांच्या मनात कधी आलं नाही. टकळी फिरवत ते म्हणाले, "कागदावर काय, एक शब्द आहे. त्यानं म्हणावं की तो अजून तोच आहे. औषध आजपासून सुरू."

"शब्द एवढा लहान असेल तर आपणच सोडून देऊ या," मी म्हटलं.

चिटणीस म्हणाले, "ठेव कोनासाठी आहे ते लिहिलेलं आहे, बाई. उद्या वारसांनी कोर्टात खेचलं तर तुमी येनार आहे का?"

"मग इमारत निधीतून द्या. त्याच्यावर कोणाचीच जात लिहिलेली नाही."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. एकेकानं मान डोलावली, अगदी अध्यक्षांनीसुद्धा. चिटणीस सूत गुंडाळत म्हणाले, "माझं मन नाई तयार. खोलीचा पैसा खोलीसाठीच."

अध्यक्षांनी डोळे मिटले. "एकमत झालं नाही. पुढच्या सभेपर्यंत थांबू."

"पोरीचा खुबा थांबेल का?" मी विचारलं. टकळ्या फिरत राहिल्या. त्या आवाजाची मला तेव्हापासून चीड आहे.

पुढच्या सभेला चिटणीस आले नाहीत, आणि गैरहजर माणसाचं मन गृहीत धरता येत नाही म्हणून विषय पुन्हा पुढे गेला. त्याच्या पुढच्या सभेला ते आले, पण मन आलं नव्हतं.

दरम्यान मी पगारातून सुयांचं एक खोकं आणलं. मास्तरणीचा पगार तो केवढा, ते आठवडाभर पुरलं. डॉक्टरांनी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली. बाप पोरीला पाठीवर घेऊन गेला आणि तशीच घेऊन परत आला, खाट रिकामी नव्हती. तेव्हा मी वस्तीत गेले. मनात हेच होतं की बापाला समजवावं. तोंडदेखलं म्हणून टाक म्हणावं, सुया येऊ देत, मग पुढचं पुढे.

त्यानं बाज टाकली, पाणी आणलं, माझं सगळं ऐकून घेतलं.

"बाई," तो म्हणाला, "म्या घरातले देव नदीत नेऊन सोडले. माह्या मायनं रडत रडत सोडले. आता सुईपायी ते नाव घरात परत आनू? पोरगी बरी झाल्यावर तिनं इचारलं, बाबा, म्या कायच्या नावानं बरी झाली, तं काय सांगू तिले?"

मी पाण्याचा पेला हातात घेतला.

"अन् तुमी मले काऊन समजावाले आल्या? त्याइले समजवा ना. त्याइचे तं हातपाय धड आहेत. त्याइच्यानं एक पाऊल पुढं टाकवत नाई का?"

पोर फळीवरून आमच्याकडे टकमक पाहत होती. मी पाणी पिऊन उठले. मला त्याचा राग आला नाही. माझाच आला, आणि रस्त्यानं येताना त्या ओसरीचा इतका आला की एका ओळखीच्या बाईनं हाक मारली तीही मला ऐकू आली नाही.

वस्तीनं मग स्वतःच वर्गणी केली. वेचणीच्या मजुरीतून बायकांनी दिलं, जिनिंगच्या गड्यांनी दिलं. मी माझा वाटा दिला तो त्यांनी वस्तीतल्या बाकीच्यांसारखाच घेतला. आभार मानले नाहीत, याचं मला बरं वाटलं. पण मजुरीतला पैसा जमायला वेळ लागतो. सुया पुन्हा सुरू झाल्या तेव्हा संक्रांत आली होती. ताप मधल्या काळात परत आला होता. उन्हाळ्यात डॉक्टरांनी तिला उभं केलं. पाय खुब्यातून वळेना. जीव वाचला होता, सांधा धरला होता. "हा आता असाच राहणार," ते म्हणाले आणि मोटारीची वेळ झालेली नसतानाही उठून अड्ड्यावर जाऊन बसले.

त्याच उन्हाळ्यात सभेत खोलीचा विषय आला. जागा मिळाली होती, गवंडी ठरला होता. त्या मेलेल्या व्यापाऱ्याच्या मुलांनी भर घालायचं कबूल केलं होतं, दारावर वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी बसवायच्या अटीवर. अध्यक्षांनी सगळ्यांकडे प्रेमानं पाहिलं. "एकमत समजू या ना?"

"माझं मन तयार नाही," मी म्हटलं.

टकळ्या थांबल्या. एवढ्या वर्षांत त्या पहिल्यांदाच सगळ्या एकदम थांबल्या.

चिटणीस म्हणाले, "बाई, हे बरं नाई करून राह्यल्या तुमी."

"तुमचं मन तयार नव्हतं तेव्हा मी तुम्हाला असं म्हटलं नव्हतं," मी म्हटलं.

विषय पुढच्या सभेवर गेला. मधल्या काळात माझ्या घरी सदस्यांची रीघ लागली. एकानं आंबे आणले. अध्यक्ष स्वतः आले, हट्ट आणि तत्त्व यांतला फरक त्यांनी मला तासभर सांगितला. मी चहा केला आणि दुसऱ्या सभेतही नाही म्हटलं. मला खोली नको होती असं नाही. गळती मीही पाहिली होती. पण या माणसांना एकदा तरी थांबायला लावायचं होतं, आणि ते थांबलेले पाहताना मला समाधान वाटत होतं, हेही खरंच आहे.

तिसऱ्या सभेत अध्यक्षांनी टकळी खाली ठेवली. फार जड आवाजात म्हणाले, "काळ बदलला आहे. देशानं मतदान स्वीकारलं आहे. आपण वेगळं राहणं हा अहंकार ठरेल. यापुढे बहुमतानं चालू या." चहा निवायच्या आत नियम बदलला. हात वर झाले, खोली मंजूर झाली. एकटा माझा हात खाली होता, आणि माझं मन दुखावलं की काय, हे कोणी विचारलं नाही.

"आता बहुमत आहे, तर आणखी एक विषय घ्या," मी म्हटलं. "पोरीच्या सुयांचा. वस्तीनं भरलेला पैसा मंडळानं परत द्यावा."

मला वाटलं होतं, कुरकूर होईल. तसं काही झालं नाही. सगळे हात वर गेले. चिटणिसांचासुद्धा गेला, खोली पदरात पडल्यावर त्यांचं मन मोठं झालं होतं. हेच हात दिवाळीला वर करायची सोय असती तर पोर मैदानावर असती. अध्यक्ष माझ्याकडे पाहून हसले. "झालं ना समाधान?" ते हसणं मी अजून माफ केलेलं नाही.

पैसे घेऊन मी वस्तीत गेले. बापानं पुडक्याला हात लावला नाही.

"ठेवा ते खोलीतच, बाई. फक्त त्याइले एक सांगजा. खोलीले पायऱ्या नका करू म्हना. पोरीले चढता येत नाई."

पुढच्या सभेत मी ते पुडकं परत ठेवलं, त्याचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं आणि किल्लीसकट राजीनामा दिला. राजीनामा मंजूर करताना कोणाला हात वर करावे लागले नाहीत. पायऱ्यांचं कोणी काही बोललं नाही.

खोली पुढच्या वर्षी पावसाळ्यापूर्वी उभी राहिली. बाजारात पाणी तुंबतं म्हणून जोतं चांगलं उंच घेतलं, समोर दगडी पायऱ्या, दारावर पाटी. डॉक्टर तिला महिन्यातून एकदा तपासायला बोलवायचे. मी तिच्याबरोबर जायची. ती पहिल्या पायरीवर पाठमोरी बसायची, हातांवर जोर देऊन दुसरीवर सरकायची, मग तिसरीवर, धरलेला पाय समोर ताठ. ओट्यावर उभे असलेले लोक बाजूला व्हायचे. मी हात पुढे केला की म्हणायची, "नको बाई, मले येते." वर पोचली की परकर झटकून उभी राहायची आणि खाली बघून मोजायची, आज मधे किती वेळा थांबली ते.