पिवळं कासव आन् पायाळू पोरगी

पोरगी पायाकडनं जन्मली हे तिघींनाच ठाऊक व्हतं, मला, माझ्या आईला आन् खुटबावच्या सुईणीला. आईनं खाटंवरच मला शपथ घातली, कुणाला बोलायचं न्हाई, सासरी तर न्हाईच. पायाळू पोराला जमिनीतलं धन दिसतं म्हणत्यात, म्हणून लोक न्हेत्यात. न्हेल्यावर पोराचं काय करत्यात ते आई बोलली न्हाई, मी बी इचारलं न्हाई.

पोरगी पळाया लागली तरी मी गप व्हते. मालक कुरकुंभला कंपनीत ड्रम उचलायचे, एकदा पाठीत अशी चमक भरली की कूस बदलता येईना. कंपनीतल्या गोळ्या खाल्ल्या, गुण न्हाई, खाडे पडाया लागले. आता पायाळूची लाथ बसली की चमक उतरती हे समद्यांना माहीत हाय. मला बघवंना. दार लावलं, त्यांना पालथं झोपवलं आन् पोरीला म्हणलं, पप्पाच्या पाठीवर पाय मार. ती हसत हसत मारत राहिली. त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं, तवाच त्यांना कळलं. पोरीच्या डोक्यावर हात ठिऊन त्यांनी शब्द दिला, कुणाला सांगणार न्हाई. सकाळी ताठ उठून कामाला गेले.

मंग त्याच उन्हाळ्यात भीमेच्या डोहात मासं धरणाऱ्यांच्या जाळ्यात ते कासव घावलं. आमच्याकडली कासवं चिखलाच्या रंगाची, आन् हे हळकुंडावानी पिवळं. पाठ, पाय, मान, समदं पिवळं, डोळं तेवढं गुंजेवानी लाल. मालकांनी बादलीतनं घरी आणलं. कुणी रंगवलंय का म्हणून मी ओलं फडकं घासून बघितलं, फडकं पांढरंच राहिलं. शेजारणी म्हणल्या, जेजुरीचा भंडारा अंगाला लावून आलंय, आन् हात जोडाया लागल्या. पोरगी दिवसभर बादलीपाशी. मला इचारायची, "आई, याला हळद लागली, मंग लगीन कवा हाय?"

एक दिवस दुपारी शिरूरहून मालकांचे मामा आले. मामांना माळामाळानं धन हुडकायचा नाद हाय हे साऱ्या भावकीला ठाऊक. त्यांनी कासव उलटं करून पोट बघितलं, नखं बघितली, मंग पोरीला जवळ वढून तिचे तळपाय बघितले. मी चहाला आधण ठेवलं व्हतं.

"भाच्या," मामा म्हणले, "पिवळं कासव आन् पायाळू पोर एका घरात. देवानंच जोडून दिलंय तुला."

मी मालकांकडं बघितलं. मालक कासवाकडं बघत बसले.

अवसेला मामाच्या माळावर पोरीला कासवापाशी बसवायचं, ते जिकडं तोंड करंल तिथं खणायचं, असं दोघांचं आधीच ठरलेलं व्हतं. मामा गेल्यावर मी म्हणलं, तुम्ही शब्द दिला व्हता.

"अगं, मामाला सांगितलं म्हंजी बाहेर सांगितलं का? मामा काय परका हाय? नुसतं बसवायचंय तिला."

म्या ह्यांची पाठ बघवंना म्हणून आईची शपथ मोडली, आन् ह्यांनी तेच मामाच्या हातात दिलं.

सकाळी ते कंपनीत पाळीला गेले आन् मी पोरगी उचलली. ती कासवाबिगर हलंना, मंग बादलीवर ओलं पोतं टाकून ते बी घेतलं. दौंडला येऊन माहेराकडची शटल धरली. डब्यातल्या बायका पोतं उचलून बघायच्या, पाया पडायच्या, कुठलं, कुणाचं इचारायच्या, आन् मी नुसती मान हलवायची, पोरीचे पाय पदराखाली झाकून. पाय बघून काय कळत न्हाई, तरी झाकले.

आईनं माझ्या हातातनं बादली घेतली. पाणी निवळ राहावं म्हणून आमच्या विहिरीत कासवं सोडलेली हायती, त्यांच्यातच तिनं हे सोडलं.

चार दिसांनी मालक आले. मला वाटलं, आधी पोरीला हाक मारतील.

"कासव कुठंय?"

आईनं विहिरीकडं बोट केलं. बाकीची कासवं पाण्यात कुठं हायती कळत नव्हतं, हे मातर तळातनं बी पिवळं दिसत व्हतं. ते काठावर वाकून बघत राहिले, एक हात कंबरंवर. पोरगी पळत आली.

"पप्पा, पाठ दुखती? लाथ मारू?"

आन् ते खरंच खाली बसाया लागले. मी पोरीला दंडाला धरून मागं वढलं.

"नको. तिच्या पायात काय न्हाई. मी तवा खोटंच केलं व्हतं."

"डोक्याकडनंच जन्मली ती," आई म्हणली. "मी व्हते की तिथं." आई कवा खोटं बोलल्याली मी ऐकली नव्हती.

"मंग माझी पाठ कशी बरी झाली?"

"कंपनीच्या गोळ्या खाल्ल्या व्हत्या न्हवं?"

पोरगी लाथ मारायचीय म्हणून रडाया लागली. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मीच त्यांना फसवलं.