महाराजांच्या तोंडाचे पैसे

आईची एक खोड होती, आठवली की आजही माझं डोकं फिरतं. भाजीवाल्याने सुटे पैसे परत दिले की ती त्यातले तांब्याचे निवडायची. इंग्रजांच्या राजाचा पैसा लगेच खर्ची. आपल्या ग्वाल्हेरच्या महाराजांचा निघाला की चिंचेने घासायची, कपाळाला लावायची आणि पितळी डब्यात टाकायची. "महाराजांचं तोंड काय वांग्यांवर उधळायचं?" म्हणे. सात वर्षं असा डबा भरला, झाशीला जायला. तिथे तिचं माहेर, आजी अंथरुणाला खिळलेली. वडिलांकडे भाडं मागितलं की एकच ठरलेलं उत्तर, "पुढच्या महिन्यात बघू."

मग संस्थान विलीन झालं. आमचे पैसे बंद होणार, मुदतीत बदलून घ्या, असं जाहीर झालं. वडील दरबारच्या कचेरीत कारकून. तो कागद त्यांच्याच टेबलावरून गेला असणार! मी रोज विचारायची, "बाबा, डबा नेऊ का?" तर म्हणे, "आपलं नाणं बंद करणारे हे कोण? चार दिवसांचा तमाशा आहे." अहो, तमाशा तुमचा, पण डबा आईचा! मुदत टळली. त्याच आठवड्यात आजीचं जास्त झाल्याचं पत्र आलं.

डबा काखेत मारून मी सगळा टोपी बाजार पालथा घातला. "बेटी, अब ये नहीं चलेगा," जो तो हेच. झाशी पडली इंग्रजांच्या मुलखात, तिथे तर आमचा पैसा महाराजांच्या राजवटीतही कुणी हातात धरत नसे. म्हणजे या बाईने हद्दीपलीकडे जाण्यासाठी साठवलं काय, तर हद्दीपलीकडे न चालणारं! शेवटी एका तांबटाने सगळे पैसे तागडीत ओतले आणि मोडीच्या भावाने घेतले. संतापाने मला रडूच आलं. हातात पडलं ते जेमतेम एका बाजूचं भाडं.

"जायचं निघतंय, यायचं नाही," मी घरी येऊन सांगितलं.

आईने गाठोडं बांधायला घेतलंही होतं. "मला जायचंच आहे," ती म्हणाली. "आणायचं ज्याला असेल तो बघेल."

वडिलांनी आठ दिवस माझ्या हातच्या करपलेल्या पोळ्या खाल्ल्या, नव्या राज्याला शिव्या घातल्या आणि नवव्या दिवशी चालणारे रुपये खिशात घालून मुकाट झाशीला गेले. आजी तोवर गेली होती, आईच्या मांडीवर.

परत आल्यावर आईने हातपाय धुतले, रिकामा डबा फळीवर उपडा ठेवला आणि वडिलांना म्हणाली, "पुढच्या महिन्यात गेले असते, तर भेट झाली नसती."